नात्यातल्या अफवेवर मौन हा उपाय नाही

साखरपुडा मोडला की मुलीच्या चारित्र्याबद्दल, जमिनीची वाटणी झाली की भावाच्या लबाडीबद्दल, मूल होत नसेल की सुनेच्या दोषाबद्दल गोष्टी फिरू लागतात. त्या फिरवणारे माणूस बहुधा परके नसते. ते मावशी, काका, चुलतभाऊ, आतेबहीण असे जवळचेच कोणी असते आणि 'घरातल्यानेच सांगितले' म्हणून त्याच्या शब्दाला वजन येते. ज्यांची बदनामी होते त्यांना मात्र एकच सल्ला मिळतो: जाऊ दे, तोंडाला लागू नका, आपोआप विरेल. हा सल्ला समंजस वाटला तरी तो चुकीचा आहे. खोटे ज्यांच्या कानावर गेले, त्यांच्यापर्यंत खरे वेळेवर, शांतपणे आणि शक्य तिथे पुराव्यासह पोचवणे, हाच नाती टिकवण्याचाही मार्ग आहे.

अफवेला बळ कशातून मिळते, याचे उत्तर गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली दिले. विषय ऐकणाऱ्याला किती महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दलची माहिती किती संदिग्ध आहे, या दोन गोष्टींच्या गुणाकारावर अफवेची ताकद ठरते, असे त्यांनी मांडले. नातेवाइकांना एकमेकांच्या लग्नाचे, पैशाचे, आजारपणाचे महत्त्व वाटणारच. ते कमी करणे कुणाच्या हाती नाही. हाती उरते ती संदिग्धता, आणि मौन नेमकी तीच वाढवते. त्यात पुनरुक्तीची भर पडते. लिन हॅशर आणि सहकाऱ्यांच्या १९७७ सालच्या प्रयोगात तीच विधाने काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा ऐकवली, तेव्हा लोकांना ती अधिक खरी वाटू लागली. विधान मुळात खरे होते की खोटे, याने फरक पडला नाही. बारशाला, बाराव्याला, लग्नाच्या पंगतीत तीच गोष्ट कानावर येत राहिली आणि तिला कुणी हरकत घेतली नाही, तर तिचा खरेपणा सिद्ध करण्याची गरजच उरत नाही. म्हणून उत्तर लवकर द्यावे लागते.

पण 'हे खोटे आहे' एवढे म्हणणे पुरत नाही. हॉलिन जॉन्सन आणि कॉलीन सायफर्ट यांनी १९९४ साली दाखवले, की चुकीची माहिती नुसती मागे घेतली तरी लोक तिच्याच आधारे विचार करत राहतात. त्या जागी घटनेचे दुसरे, पटणारे कारण दिले तर तिचा प्रभाव बराच ओसरतो. ठरलेले लग्न नोकरीच्या गावावरून मोडले असेल, तर तसे सरळ सांगावे. नाहीतर ती रिकामी जागा दुसरे कोणी भरते. 'भावाने बहिणीचा वाटा लाटला' ही अफवा असेल, तर शपथा घेण्यापेक्षा नोंदणीकृत हक्कसोडपत्र, फेरफार आणि सातबारा पुढे ठेवावा आणि बहिणीने स्वतः बोलावे. अफवा पसरवणाऱ्याशी आधी एकांतात बोलावे. 'हे तुम्हाला कुणी सांगितले?' हा प्रश्न आवाज न चढवता विचारता येतो. गैरसमज असेल तर तो तिथेच मिटतो. हेतू वाईट असेल, तर जिथे अफवा फिरली त्याच बैठकीत किंवा त्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर, सगळ्यांना मान्य असलेल्या वडीलधाऱ्याने वस्तुस्थिती सांगावी आणि त्या माणसाच्या स्वभावाची चर्चा टाळावी.

यावर पहिला आक्षेप 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हा असतो. घरातले चव्हाट्यावर का आणायचे? पण अफवा पसरली तेव्हाच ते चव्हाट्यावर आलेले असते. शिवाय खोटे खोडणे म्हणजे सगळे उघड करणे नव्हे. 'ही गोष्ट खरी नाही, आणि तिच्या तब्येतीबद्दल आम्ही बाहेर बोलत नाही' हेही पुरेसे उत्तर आहे. दुसरा आक्षेप वयाचा. मोठ्यांना अहो-जाहो करूनही चूक दाखवता येते. वडीलधारेपणाचा मान म्हणजे दुसऱ्याच्या अब्रूवरचा हक्क नव्हे. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: 'बदनामी' हाच शब्द वापरून कुटुंबे खरे बोलणाऱ्यांचीही तोंडे बंद करतात. मारहाण सांगणारी सून आणि वाटा मागणारी मुलगी अनेकदा 'घराचे नाव घालवणारी' ठरते. म्हणूनच कसोटी पुराव्याची हवी, प्रतिष्ठेची नको. जी बाजू तपासणीला तयार आहे तिचे ऐकावे, आणि तपासणीच टाळणाऱ्याला, तो कुणीही असो, आधार देऊ नये.

समजावूनही न थांबणाऱ्यांसाठी कायदा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड किंवा सामाजिक सेवेची शिक्षा होऊ शकते. मात्र हा गुन्हा अदखलपात्र असल्याने न्यायालयात दाद मागावी लागते आणि त्यात नात्याची वर्षे जातात. हा मार्ग शेवटचाच असावा. 'तिने करणी केली' ही अफवा याला अपवाद आहे. असा आरोप करून कुणाचे जगणे कठीण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सहा महिने ते सात वर्षे कारावासाचा गुन्हा आहे. तिथे समजुतीची वाट पाहू नये.

तरीही खरी ताकद ऐकणाऱ्यांच्याच हाती आहे. अफवा पसरवणारा एक असतो, मान डोलावणारे वीस. या वीस जणांनी 'तू स्वतः पाहिलेस का?' एवढे विचारले आणि उत्तर मिळेपर्यंत ती गोष्ट पुढे सांगायची नाही असे ठरवले, तर बदनाम झालेल्या माणसाला एकट्याने लढावे लागणार नाही. आपल्या माणसाची बाजू त्याच्या माघारी घेणे हे नातेवाईक म्हणून आपले कर्तव्य आहे, आणि ते कर्तव्य गप्प राहून पार पडत नाही.