मोइरांग दूर का वाटते?

14 एप्रिल ही तारीख उभ्या महाराष्ट्राला पाठ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती म्हणून ती गावोगावी साजरी होते. याच तारखेला 1944 साली, देशाच्या पार पूर्व टोकाला, एका सरोवराकाठच्या लहानशा गावी आझाद हिंद फौजेचे कर्नल शौकत अली मलिक यांनी तिरंगा फडकावला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते गाव म्हणजे मणिपूरमधील मोइरांग. इंफाळच्या दक्षिणेस सुमारे 45 किलोमीटरवर, लोकताक सरोवराच्या काठी ते वसले आहे. म्यानमारची सीमा सरळ रेषेत मोजली, तर शंभर किलोमीटरच्या आतच येते. नकाशावरचे हे अंतर मोजता येते. मराठी मनातले मोइरांगचे अंतर मात्र याहून कितीतरी मोठे आहे आणि खरी चिंता त्याचीच आहे.

वस्तुतः हे गाव महाराष्ट्राला परके असण्याचे काहीच कारण नाही. ज्या फौजेने मोइरांगला ध्वज उभारला, तिच्या उभारणीत सावंतवाडीजवळच्या तिरोडा गावचे जगन्नाथराव भोसले हे नेताजींचे निकटचे सेनानी होते. मुंबईत मंत्रालयाजवळच्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. त्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या चाकरमान्यांपैकी किती जणांना त्या नावामागचा इतिहास आठवत असेल? मोइरांगने मात्र आपला इतिहास जपला. ब्रिटिश सत्तेचा रोष पत्करून तेथील तरुणांनी फौजेला साथ दिली. त्यांत अग्रभागी असलेले मैरेम्बम कोइरेंग सिंह हे जुलै 1944 मधील माघारीनंतर फौजेसमवेत रंगूनपर्यंत गेले आणि पुढे 1963 साली मणिपूरचे पहिले मुख्यमंत्री झाले. आझाद हिंद फौजेच्या हुतात्म्यांसाठी नेताजींनी सिंगापूर येथे उभारलेले स्मारक ब्रिटिशांनी परत येताच उद्ध्वस्त केले. त्या स्मारकाची प्रतिकृती आज मोइरांगमध्ये उभी आहे. परक्यांनी पाडलेली आठवण ज्या गावाने पुन्हा उभी केली, त्याच्या राष्ट्रनिष्ठेचा आणखी कोणता पुरावा हवा?

मोइरांगची ओळख केवळ त्या एका दिवसाची नाही. खंबा आणि थोइबी यांची प्रेमकथा याच भूमीतली. मणिपूरच्या घराघरांत ती सांगितली आणि गायिली जाते. थांगजिंग या ग्रामदैवतासमोर होणारा ‘लाइ हराओबा’चा उत्सव पाहिला, तर कोकणातल्या पालखीची आणि ग्रामदेवतेच्या जत्रेची आठवण व्हावी. लोकताक हे ईशान्य भारतातील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर. गवत, मुळे आणि माती यांचे तरंगते थर, ज्यांना तेथे ‘फुमदी’ म्हणतात, हे त्याचे वैशिष्ट्य. या फुमदींवरच 40 चौरस किलोमीटरचे केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान पसरले असून सांगाई हे दुर्मीळ हरिण तेथेच उरले आहे. 1975 च्या गणनेत त्याची संख्या अवघी 14 होती, ती 2016 मध्ये 260 वर गेली.

परंतु या सरोवराने राष्ट्रासाठी किंमतही मोजली आहे. 105 मेगावॅट क्षमतेच्या जलविद्युत प्रकल्पासाठी 1983 साली इथाई येथे बंधारा झाला आणि लोकताकची पातळी वर्षभर चढी राहू लागली. पूर्वी उन्हाळ्यात पाणी ओसरले की फुमदी तळाला टेकत, त्यांच्या मुळांना मातीतील पोषण मिळे आणि पावसाळ्यात त्या पुन्हा वर उचलल्या जात. हे चक्र थांबले. फुमदी पातळ होऊ लागल्या, काठावरची शेती पाण्याखाली गेली. 1990 मध्ये रामसर यादीत सन्मानाने नोंदले गेलेले हे सरोवर तीनच वर्षांत धोक्यातील पाणथळींच्या यादीत जाऊन बसले. वीज दूरवर गेली आणि बुडालेली शेते मोइरांग परिसराच्या वाट्याला आली. कोयनेच्या धरणग्रस्तांचे दुःख जाणणाऱ्या महाराष्ट्राला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

3 मे 2023 रोजी मणिपूर पेटले. मैतेई आणि कुकी-झो समाजांतील त्या संघर्षात अडीचशेहून अधिक माणसे प्राणाला मुकली, सुमारे साठ हजार बेघर झाली. इंफाळहून चुराचांदपूरकडे जाणारा टिड्डीम मार्ग मोइरांगमधूनच जातो. त्यामुळे खोरे आणि डोंगर यांच्यामधली तुटलेली सीमारेषा थेट या गावाच्या वेशीवर आली. 6 सप्टेंबर 2024 रोजी मोइरांगमध्ये एक अग्निबाण कोसळला, तो नेमका कोइरेंग सिंह यांच्या निवासाच्या आवारात. पूजेच्या तयारीत असलेला एक वृद्ध तेथे मृत्युमुखी पडला. ज्या माणसाने नेताजींच्या सैनिकांचे स्वागत केले, त्याच्याच अंगणात आपसातल्या वैराचा अग्निबाण पडावा, यापरते दुर्दैव कोणते? फेब्रुवारी 2025 मध्ये राज्यात राष्ट्रपती राजवट लागू करावी लागली. या संघर्षात अश्रू दोन्ही बाजूंना आहेत. जळालेले घर मैतेईचे असो वा कुकीचे, ते भारतीयाचेच घर होते.

अशा वेळी उर्वरित देशाची भूमिका काय असावी? म्यानमारला लागून असलेल्या 1,643 किलोमीटर सीमेवर कुंपण घालण्याचा आणि मुक्त संचाराची व्यवस्था संपविण्याचा निर्णय केंद्राने 2024 च्या प्रारंभी जाहीर केला. शस्त्रे आणि अमली पदार्थ यांची वाट रोखायची तर सीमेवर पहारा हवाच, यात दुमत नाही. पण कुंपण बाहेरच्याला रोखते. आतल्याला जोडण्याचे काम त्याच्याने होत नाही. ते काम समाजाचे आहे. आणि त्याची कसोटी मोइरांगइतकीच जुहूलाही लागते.

जुहू आणि मोइरांग यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. मोइरांग ज्या बिष्णुपूर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील तौबुल गावी 1937 साली जन्मलेले थौदाम दामोदर सिंह रसायनशास्त्रात अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून पुढे भक्तिस्वरूप दामोदर स्वामी झाले. ज्या ‘भक्तिवेदान्त इन्स्टिट्यूट’चे ते संचालक होते, त्या संस्थेचे मुंबईतील केंद्र जुहूलाच होते. मुंबईच्याच झवेरी भगिनींनी गुरू बिपिन सिंह यांच्याकडून मणिपुरी नृत्य आत्मसात करून ते देशभर पोहोचविले. मंदिर आणि रंगमंच यांवर मणिपूरचे असे मनापासून स्वागत झाले. मग त्याच जुहूच्या हॉटेलांत, दुकानांत, केशकर्तनालयांत राबणाऱ्या मणिपुरी मुलीला “तू कोणत्या देशाची?” असा प्रश्न का ऐकावा लागावा? ऑगस्ट 2012 मध्ये हल्ल्यांच्या आणि अफवांच्या भयाने ईशान्येतील विद्यार्थी पुण्यातून गाड्या भरभरून गावी परतले होते. विद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या नगरीला ते भूषणावह नव्हते. असा एकेक प्रश्न, अशी एकेक टवाळी सीमेवरच्या फुटीरतेला जेवढे बळ देते, तेवढे परकीय पैसाही देत नसेल.

याच महाराष्ट्राने वेगळा मार्गही दाखविला आहे. विद्यार्थी परिषदेच्या पुढाकाराने 1966 साली सुरू झालेल्या आंतरराज्य छात्र-जीवन दर्शन उपक्रमात ईशान्येतील मुले मराठी घरांत पाहुणी म्हणून राहिली, एका पंगतीला जेवली. भैयाजी काणे यांनी उखरुल जिल्ह्यातील सीमेलगतच्या गावात शिक्षकाचे व्रत घेतले आणि तेथील मुलांना शिक्षणासाठी महाराष्ट्रातील कुटुंबांत आणले. 1999 साली ते गेले; पण त्यांनी जोडलेली घरे तुटली नाहीत. या कामाला मोठा निधी लागला नाही. लागले ते दार उघडण्याचे मन.

ते मन आज पुन्हा हवे आहे. सोसायटीच्या गणेशोत्सवात शेजारच्या मणिपुरी मुलांना आरतीच्या ताटाशी बोलवावे, भाड्याने घर देताना चेहरा पाहून नकार देऊ नये, शाळेच्या 14 एप्रिलच्या कार्यक्रमात बाबासाहेबांच्या चरित्राबरोबर मोइरांगचीही गोष्ट सांगावी. परिस्थिती निवळल्यावर सहलीचा बेत आखताना लोकताकचाही विचार व्हावा. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीपुढे बोलताना बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समता यांचा आधार बंधुता हाच असल्याचे बजावले होते. मोइरांगने 14 एप्रिलला स्वातंत्र्याचा ध्वज उभारला. त्याखाली बंधुता उभी करणे हे उर्वरित भारताकडे राहिलेले काम आहे. त्याचा आरंभ जुहूच्या एखाद्या इमारतीच्या जिन्यात, शेजारच्या मुलीचे नाव आणि गाव आपुलकीने विचारूनही होऊ शकतो.