राजीखुषीची फारकत आणि सहीची घाई

आमच्या खेड्यापाड्यांतून सध्यां एक समजूत पसरली आहे कीं, हल्लीं नवराबायकोची फारकत राजीखुषीनें होते, कोर्ट कोणाचा दोष विचारीत नाहीं, तेव्हां कोण कोणाशीं कसें वागलें याला आतां कांहींच किंमत उरली नाहीं. ही समजूत अर्धी खरी आहे, आणि अर्ध्या खऱ्या गोष्टीनेंच गरिबाचें घर बुडतें.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या गांवच्या एका लोहाराची मुलगी शाळा सुटल्यावर आमच्याकडे एक कागद घेऊन आली. तिच्या नवऱ्यानें शहरांत दुसरें बिऱ्हाड थाटलें होतें. ही दोन वर्षें माहेरीं भात्याशीं बसून पोट भरीत होती. कागदाला "उभयतांच्या संमतीनें" असा मथळा होता. खालीं, स्त्रीधन पोंचलें व पोटगीचा हक्क सोडला, असें लिहिलें होतें. "गुरुजी, सही कुठें करूं?" एवढेंच तिनें विचारलें. "पोरी, डोरलें, भांडीं परत मिळालीं का?" असें आम्हीं विचारतांच ती म्हणाली, "वाटीसुद्धां नाहीं, गुरुजी."

अशा लेकीबाळींसाठीं कायदा काय म्हणतो तें सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. हिंदु विवाह कायदा १९५५ सालचा. राजीखुषीच्या फारकतीचें कलम त्यांत १९७६ सालीं आलें. दोघें एक वर्ष वेगळीं राहिलेलीं असावीं, एकत्र नांदणें शक्य नसावें आणि दोघांचीहि संमति असावी. पहिल्या अर्जानंतर साधारणपणें सहा महिने थांबावें लागतें. या अर्जांत व्यभिचार सांगावा लागत नाहीं, शाबीतहि करावा लागत नाहीं. हें चांगलेंच आहे. भर कचेरींत एकमेकांचे धिंडवडे निघत नाहींत.

पण ही संमति म्हणजे बाईच्या हातांतली किल्ली आहे. ती तिनें न दिली तर नवऱ्याला तिचा दोष किंवा कायद्यांतलें दुसरें कारण दाखवावें लागेल. स्वतःच्याच व्यभिचाराच्या बळावर त्याला फारकत मागतां येत नाहीं. उलट, त्याच्या व्यभिचारावरून तिला मात्र ती मागतां येते. कायमची पोटगी ठरवितांना कोर्ट मिळकतीबरोबर दोघांचें वर्तनहि पाहूं शकतें. दिलेली संमति निकालापूर्वीं परत घेतां येते, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं ठरविलें आहे. मग ही किल्ली वाटीभर भांड्यांशिवाय कां द्यावी?

आतां दुसरें पारडें पाहूं. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें व्यभिचाराचें फौजदारी कलम रद्द केलें. तुरुंग गेला, पण फारकतीचें कारण म्हणून व्यभिचार कायम राहिला. पोटगी द्यावयाची वेळ आली कीं कित्येक नवरे बायकोच्या चालीवर शिंतोडे उडवितात, कारण व्यभिचारांत राहणाऱ्या बायकोला फौजदारी कायद्याखालीं पोटगी मिळत नाहीं. पण नुसता आरोप पुरत नाहीं, तो शाबीत करावा लागतो. आणि 'राहणें' म्हणजे सतत तसें वागणें. एकदां पाय घसरला म्हणून तिला उपाशी मारा, असें कायदा म्हणत नाहीं. नवऱ्यानें दुसरी बाई ठेवली असेल तर त्याच्याकडे नांदावयास न जाण्यास तें सबळ कारण होय, असेंहि तोच कायदा सांगतो.

पुरुषाच्या चुकीवर पांघरूण आणि बाईच्या चुकीला डागणी, या अन्यायावर ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून कोरडे ओढले. तेव्हांपासून कायदा पुष्कळ बदलला, पण गांवकीची जीभ बदलली नाहीं. पंच बसले कीं अजून बाईलाच विचारतात, "तूं कां नांदली नाहींस?"

आणखी एक सावधगिरी. जातींतली काडीमोड ही रूढि कोर्टांत शाबीत झाली तरच टिकते. नुसत्या स्टॅम्पावर लिहून घेतलेल्या सोडचिठ्ठीवर विसंबून पोरीचें दुसरें लग्न लावाल, तर तें लग्नच उद्यां रद्दबातल ठरेल.

म्हणून शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, लेक माहेरीं परत आली याची लाज धरूं नका. तिला न वाचतां सही करूं दिलीत तर ती धरा. तालुक्याच्या कोर्टांत विधि सेवा समिति असते. १९८७ च्या कायद्यानें कोणत्याहि बाईला, मिळकत न पाहतां, फुकट वकील मिळतो.

त्या लोहाराच्या मुलीनें त्या दिवशीं सही केली नाहीं. भांडीं घरीं आलीं, पोटगीचा आंकडा कागदावर चढला, आणि मग तिनें स्वतः वाचून सही केली. राजीखुषी म्हणावी ती हिला.