पत्ता आणि मार्फत

पत्र इच्छित स्थळी पोहोचावयाचे तर त्यावर पत्ता हवा; पण पत्ता सांगण्याची रीत एकच नसते. नवी दिल्लीच्या दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सिद्ध केलेली पिन-संकेतांकाची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. ११०००१ हा आकडा देशात कोठूनही लिहिला तरी पत्र नवी दिल्लीतच जाते. 'येथून तिसरे दार' हा पत्ता मात्र सांगणारा कोठे उभा आहे यावर अवलंबून असतो. आणि परगावी शिकणाऱ्या मुलाच्या पत्रावर 'अमक्यांच्या मार्फत' असे लिहिले म्हणजे मुलाने खोली बदलली तरी पत्र चुकत नाही.

गणकयंत्राच्या आज्ञेतही हेच तीन प्रकार आढळतात. आज्ञा कोणती द्यावी एवढेच बहुधा मुलांना शिकविले जाते. ती ज्या सामग्रीवर चालवावयाची ती कोठे आहे, हे यंत्रास कसे कळते, याचा उलगडा होत नाही. हा क्रम सदोष आहे.

एनसीआर या अमेरिकन कंपनीची ५३सी७१० ही चिप येथे उदाहरणादाखल घेण्याजोगी आहे. (दिल्लीच्या परिसरासही हल्ली हीच आद्याक्षरे लावतात, हा निव्वळ योगायोग.) 'स्कझी' नामक सामायिक मार्गावरून तबकड्या व गणकयंत्र यांची देवघेव सांभाळणे हे तिचे काम. आपल्या आज्ञा ती स्मृतीतून स्वतःच वाचते. मुख्य प्रक्रियकास दर पायरीला अडवीत नाही. सामग्री हलविण्याची तिची आज्ञा ३२ बिटांच्या दोन शब्दांची असते. साध्या रीतीत पहिल्या शब्दात किती बाइट हलवावयाचे ती संख्या आणि दुसऱ्यात स्मृतीतील पूर्ण पत्ता असतो. पण काम बदलले की पत्ता बदलतो, आणि मग आज्ञाच खोडून पुन्हा लिहावी लागते.

यावरचा तोडगा म्हणजे कोष्टक. आज्ञेत केवळ अंतर लिहितात. कोष्टकाच्या आरंभाचा पत्ता चिपमधील एका नोंदकात ठेवतात. आरंभ ५००० व अंतर १६ असल्यास चिप ५०१६ पासून ८ बाइटांची नोंद वाचते: निम्म्यात संख्या, निम्म्यात खरा पत्ता. दुसरे काम आले की नोंदकात ९००० घालावे. तीच आज्ञा आता ९०१६ पाहते. आज्ञावलीचे अक्षरही बदलत नाही. उड्या घेणाऱ्या आज्ञांत 'येथून इतके पुढे' अशी सापेक्ष रीत वापरली, तर ती आज्ञावली स्मृतीत अन्यत्र हलविली तरी त्या उड्या चुकत नाहीत.

अर्थात मध्यस्थ चुकला तर पत्र भलत्याच घरी पडते. कोष्टकात चुकीचा पत्ता असेल तर तबकडीवरची सामग्री दुसऱ्याच कामाच्या स्मृतीवर लिहिली जाईल. म्हणूनच आधुनिक गणकयंत्रांत अशा साधनांवर पहारा ठेवणारी वेगळी यंत्रणा असते.

या रीतीस 'अप्रत्यक्ष' म्हणणे व्याकरणदृष्ट्या निर्दोष खरे, परंतु त्या शब्दाने मुलांच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. 'मार्फत' म्हणताच टपाल आठवते. संस्कृत परिभाषा सर्व भारतीय भाषांना समान राहते, आणि दिल्लीत १९६१ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाच्या कार्यामागे हाच विचार आहे. तो डावलण्याचे कारण नाही. परीक्षेत 'अप्रत्यक्ष' खुशाल राहावा, पहिल्या धड्यात मात्र 'मार्फत' यावा. त्या धड्यास गणकयंत्रही लागत नाही. फळ्यावर दोन कोष्टके काढावीत, त्यांखाली एकच आज्ञा लिहावी, आणि बेरीज मुलांना करू द्यावी.