आत्याबाईंचा कोट



परदेशातून आलेल्या माणसाने काय काय आणले, हे ऐकायला आपल्या वस्तीत कोणालाही आवडते. आम्ही 2024 च्या ऑक्टोबरात लेकीकडे लंडनला जाऊन आलो, तेव्हापासून आम्हालाही हेच विचारतात. सांगण्यासारखी खरेदी एकच झाली, आणि तीही आमची नव्हे, आत्याबाईंची.

लेक तिथे परिचारिका आहे. हाउन्स्लो भागात राहते. तिने तिकिटे पाठवली ती आत्याबाईंना धरून. आमची आई गेल्यावर आम्हा भावंडांना आत्याबाईंनीच वाढवले. दादरला चार घरची धुणीभांडी करून आमच्या वह्या-पुस्तकांचा खर्च केला. आज त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. विमानातून उतरल्यापासून त्या एका स्वेटरवर कुडकुडत होत्या. लेकीने स्वतःचा लोकरीचा कोट पुढे केला. "आजी, हा घाल. मला दुसरा आहे."

आत्याबाईंनी कोटाला हातसुद्धा लावला नाही. "मला न्हाई थंडी वाजत."

आम्हाला राग आला. पोरगी एवढ्या मायेने देते आहे आणि हा कसला हट्ट, असे आम्ही बोलून गेलो. आत्याबाई गप्प राहिल्या.

शनिवारी नवा कोट घ्यायला साउथॉलला निघालो. लंडनच्या बसमध्ये 2014 पासून रोख पैसे चालत नाहीत, कार्ड टेकवावे लागते. भाडे पावणेदोन पौंड होते. पौंड तेव्हा शंभर रुपयांच्या वर होता. "पावणेदोनशे रुपये!" आत्याबाई म्हणाल्या, "एवढ्यात माझा लोकलचा म्हैन्याचा पास निघून वर पैसे उरत्यात."

साउथॉल म्हणजे पंजाबी मंडळींचे गावच. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर इंग्रजीबरोबर गुरुमुखी अक्षरे आहेत. रस्त्याने जिलेबीचा वास, साड्यांची दुकाने, सोन्याची दुकाने. आत्याबाई खूश झाल्या, पण कोटाची किंमत साठ-सत्तर पौंड ऐकली आणि दुकानाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. "सहा हजाराचं कापड अंगावर घालून मी काय राणी होणार हाय का?" पाऊस सुरू झाला होता. आम्ही तसेच परत फिरलो.

हाउन्स्लोला उतरून घराकडे चालताना लेक एका दुकानात शिरली. तिथे त्याला चॅरिटी शॉप म्हणतात. लोक वापरलेले कपडे, भांडी, पुस्तके आणून देतात, दुकान ती विकते आणि पैसा समाजकार्याला जातो. सबंध ब्रिटनमध्ये अशी दहा हजारांहून अधिक दुकाने आहेत. 1942 साली ऑक्सफर्डमध्ये स्थापन झालेली ऑक्सफॅम ही संस्था यातली जुनी. गोरे साहेब-मडमा तिथे हँगर सरकवून कपडे बघत होते.

"हे सगळं जुनं?" आत्याबाईंनी विचारले. "आनि ही लोकं पैशे देऊन घेत्यात?"

गल्ल्यावर एक म्हातारी गोरी बाई होती. तिला पगार किती, असे आत्याबाईंनी विचारायला लावले. त्या वर्षी तिथे मोठ्या माणसाला तासाला किमान 11.44 पौंड मजुरी देण्याचा कायदा होता, पण ही बाई फुकट काम करत होती! आत्याबाईंना ते फारसे पटले नाही. "घरची बरी असंल," एवढेच म्हणाल्या.

मग एका निळ्या कोटापाशी थांबल्या. बारा पौंडांची चिठ्ठी होती. "इचार तिला, ह्यो कुनाचा?" लेकीने विचारले. बाई हसली. कोण देऊन गेले ते आम्ही लिहून ठेवत नाही, म्हणाली.

आत्याबाई कोटाची बाही धरून उभ्या राहिल्या आणि हळूच बोलल्या, "आमच्या मालकिनीला ठाऊक असायचं. दिवाळीला जुनी साडी द्यायची, आनि मी ती नेसून गेले की चारचौघींत सांगायची, ही माझीच. तवापासनं मी कुनाचं अंगावर घेतलं न्हाई."

आम्हाला हे आजवर माहीत नव्हते. मेलेल्याची वस्त्रे चांडाळांनी वापरावीत, असा नियम मनुस्मृतीत लिहिलेला आहे, ती बाबासाहेबांच्या परिषदेत 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जाळली, आणि त्याच वेळी बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी, ओळखू येणारी तऱ्हा सोडायला सांगितले, हे आम्ही सभांतून किती वेळा बोललो असू. घरातल्या बाईने आयुष्यभर काय नाकारले ते मात्र विचारले नव्हते. आणि वर रागावलो होतो!

आम्ही खिशात हात घातला, तो त्यांनी अडवला. खर्चाला म्हणून बदलून आणलेल्या त्यांच्या स्वतःच्या नोटा होत्या. वीसची नोट दिली, उरलेले आठ पौंड मोजून घेतले, पावती मागून घेतली. पिशवीला वेगळे पैसे पडतात कळल्यावर म्हणाल्या, "पिशवी कशाला? घालूनच जाते."

तो कोट घालून त्या बाबासाहेबांचे 10, किंग हेन्रीज रोडचे घर बघून आल्या. तिथे काढलेला फोटो आता आमच्या भिंतीवर आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी कोट धुऊन, घडी करून त्या लेकीला घेऊन पुन्हा त्याच दुकानात गेल्या. मुंबईत लोकरीचा कोट काय करायचा? गल्ल्यावर त्या दिवशी एक तरुण मुलगा होता. देणारा तिथला करदाता असेल तर सरकार संस्थेला पौंडामागे 25 पेन्स जास्तीचे देते, म्हणून तो नाव-पत्ता विचारू लागला. लेक तिथे कर भरते, पण कोट तिचा नव्हता. तिने आजीकडे पाहिले.

"नाव लिहू नगं म्हनावं त्याला," आत्याबाई म्हणाल्या, आणि दार ढकलून बाहेर आल्या.