जोत्यावर अडलेले घरकुल

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात जोत्यावर अडलेले घरकुल पाहून तुम्ही संतापता, ते रास्तच आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत २०१६ साली सपाट भागातील घराला १ लाख २० हजार रुपये ठरले. पुढे सिमेंट, सळई, गवंड्याची मजुरी वाढली. केंद्राचा आकडा वर्षानुवर्षे तोच राहिला. राज्याने ५० हजारांची भर जाहीर केली, तीही २०२५ मध्ये. पुढचा हप्ता कामाचा फोटो चढल्यावरच सुटतो. मधला खर्च घरातून. म्हणून जोते २६९ चौरस फुटांच्या आसपासच आखा. २०२५ च्या धोरणानुसार ५ ब्रासपर्यंत मोफत वाळूसाठी तहसीलीत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आणि बियाण्याचा पैसा भिंतीत घालू नका.