डॉक्टरांशी हितगुज : "हे ओसरीवर बसेनासे झाले"

ताई, आपले पत्र मिळाले. नाव छापू नका म्हणता, छापत नाही. आपण लिहिता, पोळ्यापासून यजमानांचे आठवड्यातून तीनदा डायालिसिस चालू आहे; आता त्यांची छाती बायकांसारखी वाढू लागली, हात लागला तरी दुखते; सदरा काढून ओसरीवर बसत नाहीत, जवळही येत नाहीत. बाजारातल्या वैदूने ताकदीची पुडी दिली आहे, ती द्यावी का?

पुडीचे आधी सांगतो. देऊ नका. असल्या पुड्यांत कधी शिसे, कधी पारा सापडतो. धडधाकट माणसाची मूत्रपिंडेही त्याने बिघडतात.

आता यजमानांचे. त्यांचे मन तुमच्यावरून उडालेले नाही, ही खूणगाठ बांधा. बाळंतिणीला दूध आणणारे प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक पुरुषाच्या अंगातही थोडे असते. मूत्रपिंडे थकली की त्याचा निचरा होत नाही, ते रक्तात साठते. मग मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीकडून वृषणांना जाणारा हुकूम मंदावतो. रक्तातल्या टाकाऊ द्रव्यांनी वृषणांचे कामही ढिले पडते. पुरुषाचे संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, कमी होते. इच्छा मरते, दंड झडतात, थकवा येतो. रक्त कमी असले तर त्यात भरच. यंत्र रक्त धुते, पण हा बिघाड त्याने पुरता निघत नाही.

छातीची सूज मात्र डायालिसिस सुरू झाल्यावर, भूक परतून अंगी लागू लागले की पहिल्या काही महिन्यांत येते, आणि बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत ओसरते. स्पायरोनोलॅक्टोन या गोळीनेही छाती वाढते. उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडने प्रोलॅक्टिन वाढते. म्हणून घरातल्या साऱ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. मनाने एकही बंद करू नका. एकाच बाजूला कठीण गाठ लागली, तर वाट न पाहता तपासून घ्या.

सकाळी रक्त देऊन टेस्टोस्टेरॉन व प्रोलॅक्टिन मोजता येते. इंजेक्शन द्यायचे की नाही हे त्यावरून तज्ज्ञ ठरवतील. औषधाच्या दुकानातून परस्पर काही आणू नका. हृदयासाठी जिभेखालची गोळी चालू असेल, तर 'जोमाच्या' गोळ्यांनी रक्तदाब एकदम कोसळून जीवावर बेतते. मूत्रपिंड बदलल्यावर पुष्कळांचे हे संप्रेरक बरेचसे सुधारते.

डॉक्टर आपण होऊन हे विचारत नाहीत. आम्हीही लाजतो, खरे सांगायचे तर. यजमानांना बोलणे जड जात असेल, तर हेच पत्र पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या हाती द्या.