लाखाची बोली आणि रेवडीची कुस्ती

सन २०२५ च्या सप्टेंबरातील एका संध्याकाळी वडगावातील आमच्या नेहमीच्या चहाच्या दुकानात मोठा वाद पेटला होता. लिव्हरपूल या इंग्लिश क्लबाने न्यूकॅसलकडून अलेक्झांडर इसाक हा २५ वर्षांचा स्वीडिश स्ट्रायकर १२ कोटी ५० लाख पौंड मोजून नुकताच घेतला होता. यंत्रमागावरची पाळी संपवून आलेली दोन मुले, एक बँकेतला कारकून आणि कॉलेजचे तीन विद्यार्थी एवढ्या मंडळींनी त्या व्यवहाराचा जणू लेखापरीक्षणाचा विडाच उचलला होता. एकाच्या मते हा शुद्ध वेडेपणा. दुसऱ्याच्या मते दोन हंगामांत गोलांनीच पैसे फिटतील. बोलता बोलता वाद इंग्लंडहून थेट आमच्या गल्लीत उतरला. येत्या स्पर्धेसाठी मंडळाने बाहेरून आघाडीचा एक तरुण खेळाडू आणावा की नाही, आणावा तर त्याला किती द्यावे, यावर तितक्याच त्वेषाने खल सुरू झाला. अखेर एकाने आमच्याकडे वळून विचारले, "काका, तुम्ही जन्मभर सरकारी हिशेब बघितलासा, तुम्हीच सांगा की, महाग का स्वस्त?"

त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

आमचे पहिले म्हणणे असे की, 'महाग की स्वस्त' हा प्रश्नच अपुरा आहे. सरकारी दप्तरात कोणताही खर्च टाकण्यापूर्वी तो महसुली की भांडवली हे ठरवावे लागते. महसुली खर्च वर्षाबरोबर संपतो. भांडवली खर्चातून पुढे टिकणारे काही उभे राहते. वेन रूनी वयाच्या नवव्या वर्षापासून एव्हर्टनमध्ये घडला आणि सन २००४ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, सुमारे अडीच कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडकडे गेला. पोरसवदा मुलासाठी एवढी रक्कम कशाला, अशी टीका तेव्हाही झाली. तो तेथे १३ वर्षे खेळला आणि त्याने २५३ गोल केले. तेव्हा आकडा पाहून निवाडा करण्यात शहाणपण नाही. पैसा कोणत्या शीर्षाखाली पडला, आणि तो खेळाडू ज्यांनी घडवला त्यांच्यापर्यंत त्यातले काय पोहोचले, हे पाहिले पाहिजे.

या दुसऱ्या गोष्टीचा विचार खुद्द फुटबॉलच्या जागतिक संघटनेने केलेला आहे, आणि आमच्या वादपटूंपैकी एकालाही त्याची वार्ता नव्हती. करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबाकडे गेला, तर व्यवहाराच्या रकमेतील ५ टक्के भाग त्याला वयाच्या १२ ते २३ या काळात शिकवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. १२ ते १५ या वयातील प्रत्येक हंगामास पाव टक्का, पुढील प्रत्येक हंगामास अर्धा टक्का, असा हा हिशेब आहे. सन २०२० पासून, खेळाडू परदेशातील क्लबात घडलेला असेल तर देशांतर्गत व्यवहारासही हा नियम लागतो. म्हणजे लिव्हरपूलने मोजलेल्या पैशांतील काही वाटा, नियमाप्रमाणे, इसाक जेथे लहानाचा मोठा झाला त्या स्टॉकहोमच्या एआयके क्लबाचा आहे. ज्या मैदानावर पोराच्या पायाला पहिल्यांदा चेंडू लागला, त्या मैदानाचे ऋण मानणारा हा नियम आम्हांला सर्वांत शहाणा वाटतो.

आता आपल्याकडे पाहावे. सन २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि फुटबॉलला पैसा आला, याचा आम्हांला आनंदच झाला. सन २०१५ च्या लिलावात सुनील छेत्रीवर त्या हंगामासाठी १ कोटी २० लाखांची बोली लागली. पण त्या पैशाने तरुण भारतीय स्ट्रायकर घडले काय? आरंभीच्या हंगामांत मैदानावर निम्म्याहून अधिक खेळाडू परदेशी असू शकत. ती संख्या पुढे पाचावर आणि सन २०२१-२२ पासून चारावर आली. आणि गोल करण्याची जागा बहुतेक क्लबांनी परदेशी पाहुण्यासाठीच राखून ठेवली. परिणाम सर्वांनी पाहिला. सन २०२४ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांतून निवृत्त झालेल्या छेत्रीला, चाळिशी गाठलेली असताना, सन २०२५ च्या मार्चमध्ये देशासाठी पुन्हा बूट चढवावे लागले. ही त्याची थोरवी खरीच. पण त्याच्यामागे रांग नाही, ही आपली नामुष्की आहे. अकरा वर्षांचा खर्च बव्हंशी महसुली शीर्षाखाली पडल्याचे याहून ठळक प्रमाण कोणते?

घाट उतरून गोव्यात गेले तरी हेच चित्र दिसते. लिस्टन कुलासो हा गोव्याचा आक्रमक खेळाडू. साळगावकर क्लबाकडून खेळत तो पुढे आला, एफसी गोवात गेला, तेथून हैदराबादला गेला आणि सन २०२१ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, कोलकात्याच्या एटीके मोहन बागानने त्याला घेतले. क्लबांनी रक्कम जाहीर केली नाही, तरी वृत्तपत्रांतून एक कोटीच्या घरातील आकडे आले आणि समर्थकांत वादाचा धुरळा उडाला. सन २०२३ च्या मार्चमध्ये त्याच संघाने आमच्या कर्नाटकाच्या बंगळुरू एफसीला फातोर्ड्याच्या मैदानावर, गोव्यातच, हरवून चषक नेला. आकड्यावर भांडणाऱ्या किती जणांना आठवले, की साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या क्लबांनी सन २०१६ मध्येच आय-लीगमधून अंग काढून घेतले होते? झाडाच्या फळाची बोली कोटीत होते आणि झाडाला पाणी घालणारा माळी मात्र मुख्य बाजारातून निघून जातो, याला काय म्हणावे?

आणि आपण? निपाणी ओलांडून कोल्हापुरात गेले की फुटबॉलचे वेड काय असते ते दिसते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ अशी नावे तेथे पेठापेठांतून कुलदैवतासारखी घेतली जातात आणि शाहू स्टेडियम ओसंडून वाहते. तेथेही आफ्रिकेतून आलेले खेळाडू उतरले आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. त्याच कोल्हापुरातील रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव सन २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीवर खेळला, तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीने लहानपणीच उचलला म्हणून. प्रबोधिनीच्या नजरेस न पडलेले असे किती अनिकेत आपल्या गल्ल्यांत चेंडू टोलवून थकले असतील?

वाचकहो, ही रीत आपली नव्हे. आपल्या भागातील जत्रेचे कुस्तीमैदान आठवा. शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीसाठी पंजाब-हरियाणाचा मल्ल येई आणि पंचमंडळी त्याला सढळ हाताने बिदागी देत. परंतु मैदानाचा नारळ फुटे तो रेवडीच्या कुस्त्यांवर. सहा-सात वर्षांची पोरे लंगोट लावून लाल मातीत उतरत, पडत, उठत आणि मूठभर रेवड्या घेऊन आईकडे धावत. त्या पोरांना डावलून मोठी कुस्ती लावण्याची हिंमत कोणत्याही पंचाची नसे. राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, मल्लांना खुराक दिला, तेव्हा कुठे ही परंपरा उभी राहिली. आमच्या चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे सन १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले, त्यामागे हीच माती होती. आज फुटबॉलच्या स्पर्धेत मोठी कुस्ती आहे. रेवडीची कुस्ती तेवढी गळून गेली.

येथे आम्हांस स्वतःच्याही पदरातले माप ओतले पाहिजे. सेवेत असताना एका गावच्या शालेय मैदानाच्या सपाटीकरणाची फाईल आमच्या टेबलावर आली होती. रक्कम किरकोळ होती. आम्ही कन्नडमधून 'या शीर्षाखाली तरतूद नाही' असा शेरा मारला आणि फाईल परत केली. शेरा नियमाला धरून होता. दुसरे शीर्ष शोधता आले असते, ते आम्ही शोधले नाही. पुढे आमच्याच गल्लीतील एक चपळ मुलगा, ज्याला आम्ही मोकळ्या जागेत अनवाणी खेळताना पाहत होतो, सलग दोन स्पर्धांत राखीव बाकावर बसला. कारण त्याच्या जागी बाहेरून खेळाडू आणला होता. तिसऱ्या वर्षी तो फिरकलाच नाही. आज तो मागावर आहे आणि सामन्याच्या दिवशी वर्गणी देतो. त्याच्यासमोरून जाताना आमची मान आपोआप खाली जाते.

कुणी म्हणेल, बाहेरचा चांगला खेळाडू आला की आपली पोरे त्याच्याकडून शिकतात. मान्य आहे, पण शिकायला त्यांना त्याच्या शेजारी मैदानात उभे राहू द्याल तर. कुणी म्हणेल, लोक वर्गणी देतात ती जिंकण्यासाठी. तेही खरे. मग जिंकणे याच वर्षीपुरते हवे की दहा वर्षांसाठी, हे वर्गणीदारांना एकदा विचारा तरी. आणि आमच्या वयाची काही मंडळी म्हणतात, चेंडू लाथाडणाऱ्या पोराला एवढे पैसे कशाला? वेतन आयोगाची थकबाकी दोनदा मोजून घेणाऱ्यांनी हे बोलू नये. खेळाडूच्या पायाचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. त्याला मिळते ते मिळू द्यावे. आमचा रोष त्याच्यावर नाही.

आमचे मागणे दोनच गोष्टींचे आहे. पहिली, बाहेरच्या खेळाडूवर मंडळ जेवढा खर्च करील त्याचा दहावा हिस्सा त्याच दिवशी बाजूला काढून लहान मुलांच्या चेंडूंना, बुटांना आणि शिकवणाऱ्याच्या मानधनाला लावावा. आणि प्रत्येक स्पर्धेचा पहिला सामना बारा वर्षांखालील मुलांचा असावा. दुसरी, प्रत्येक मंडळाने व शाळेने कोणता मुलगा कोणत्या वर्षी आपल्याकडे खेळला याची वही ठेवावी आणि मंडळाची नोंदणी संघटनेकडे रीतसर करावी. उद्या वडगावचा एखादा मुलगा परदेशी क्लबाने एक कोटीला विकत घेतला आणि तो १२ ते १५ या वयात आपल्याकडे खेळल्याची नोंद असली, तर एक टक्क्याने एक लाख रुपये या मातीचे होतात. नोंद नसेल तर हक्क सांगणार कशाच्या आधारावर? जन्मभर कागद सांभाळलेल्या माणसाचे एवढे तरी ऐका.

त्या संध्याकाळी विचारलेल्या प्रश्नाचे आमचे उत्तर आता देतो. बाळांनो, इसाक महाग की स्वस्त ते लिव्हरपूलवाले पाहून घेतील. तुम्ही बाहेरून आणू पाहता तो खेळाडूही खुशाल आणा. मात्र त्याच्या पाकिटात नोटा घालण्याआधी गल्लीतल्या पोरांच्या मुठीत रेवड्या पडल्या आहेत ना, एवढे पाहा. चेंडू आणि वही, दोन्ही आणून देण्याची जबाबदारी या वर्षापुरती आम्ही घेतो.